जिवनबाईची गोण

मी शकील, आमच्या गावच्या म्युझियमचा शिपाई. वीस वर्षं झाली. लोक म्हणतात, शकीलभाईला तिथला खिळा न् खिळा माहीत हाय. म्हणूनच मला 'माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय राहिली न्हाई.

दुरुस्ती काढली तेव्हा सगळं सामान मागच्या खोलीत हलवायचं काम माझ्याकडं आलं. त्यात तांड्यावरच्या मोतीबाईनं दिलेली गोण होती. बैलाच्या पाठीवर धान्य लादायची, कवड्या लावलेली. तिची आई जिवनबाई, तिनं हातानं शिवलेली. बैलांवर माल वाहणं बंद होऊन जमाना झाला, तरी म्हातारीनं ती जपली होती. देताना म्हणाली, "लेकरासारखी सांभाळ बाबा." मी व्हय म्हणालो.

आणि तीच गोण मी दारात टाकली. नवी फरशी बसवून राहिले होते, गवंड्यांचे पाय सिमेंटनं भरलेले, पुसायला काहीतरी पाहिजे होतं. ओळखली न्हाई, असं सांगता आलं असतं. खोटं कशाला बोलू, ओळखली होती. तलवार असती तर टाकली नसती. तिथंच मांडलेला माझ्या आजोबांचा हुक्का तर मी त्याच दिवशी कापसात गुंडाळून घरी बायकोकडं, हलीमाकडं नेऊन दिला. तांड्यावरची गोण काय, गोणच, असं वाटलं मला. थू माझ्या अकलेवर. महिन्याभरात तिच्या चिंध्या झाल्या आणि मलब्याच्या ट्रॅक्टरवर गेल्या.

उद्घाटनाची तारीख ठरली. सायबांना कळलं असतं तर नोकरी गेलीच होती. वसमतच्या बाजारातून जाडंभरडं कापड न् कवड्या आणल्या, जुना फोटो दाखवून शिंप्याकडून बराबर तशीच गोण शिवून घेतली आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केली.

उद्घाटनाला मोतीबाई आली, कॉलेजात शिकणाऱ्या नातीचा, शितलचा हात धरून. आमच्या विजयकुमार सायबांनी तिला काचेच्या कपाटापुढं उभं केलं. खाली पितळी पाटी, 'जिवनबाईची गोण'.

"मावशी, बघा बरं, तुमचीच ना?"

मी कपाटाच्या बाजूलाच उभा होतो. म्हातारीनं काचेला नाक लावून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"हीच," ती म्हणाली. टाळ्या पडल्या.

सगळे जेवायला गेले तसा मी तिच्या पायाशी वाकलो. "मावशी, तुमी माझी नोकरी वाचवली."

"तुझ्यासाठी न्हाई बोलले मी." तिनं पाय मागं घेतले. "काम चालू होतं तवा शितल इथं आली होती. तिनं दारात बघितली. उचलायला वाकली, तर तू तिच्यावर खेकसलास, बाहेर हो म्हणून. घरी येऊन लई रडली पोरगी."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं.

"मग मघाशी तुमी काहून बोलला न्हाई?" मी विचारलं.

"एवढ्या लोकांत काय सांगू? माझ्या आईच्या कामावर समद्या गावानं पाय पुसले म्हणून?"

भुई फाटावी आणि आत जावं, असं झालं मला. लाज वाटली म्हणतो, पण तो शब्द लई थोडा हाय.

"आता एकच कर," ती म्हणाली. "ती पाटी काढ. ह्या कापडाला माझ्या आईचं नाव नको."

मी पेचकस आणला. पाटीपुढं वाकलो. तर शितलनं माझ्या हातातून पेचकस घेतला आणि पाटी तिनंच काढली.