दोन बोटं सैल

माझ्या धाकट्या भावाला अख्खं अग्निशमन केंद्र गोलू म्हणतं. तो बंब चालवतो. आग लागली की यानं गाडी नेऊन उभी करायची आणि बाकीच्यांनी शिडी चढायची, असं नऊ वर्षं चाललंय. यंदा शिडीच्या पथकात एक जागा निघाली आणि हा पेटला. बाकी अटी जमण्यासारख्या होत्या, एकच अवघड होती. अंगातली चरबी अठरा टक्क्यांच्या आत हवी. मोजणी सोमवारी. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता.

मी कपडे शिवते. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही दोघं. जिममध्ये चारचौघांत शर्ट वर करायला गोलूला लाज वाटते, त्यामुळे दर रविवारी त्याची कंबर मोजायचं काम माझ्याकडे आलं. बहिणीची कसली लाज? मी त्याची लंगोटं धुतलीत. उंची आणि मानेचं माप त्यानं मोबाइलमधल्या चरबी मोजायच्या ॲपमध्ये पहिल्याच दिवशी भरलं होतं. कंबरेचा आकडा टाकला की टक्के समोर यायचे.

अकरा आठवडे आमच्या घरात अन्न शिजलं नाही, आकडे शिजले. सकाळ-संध्याकाळ डब्यातली प्रथिनांची भुकटी पाण्यात घुसळून प्यायची, अंड्यातलं पांढरं त्याला, पिवळं मला. तो वाळत गेला आणि मी फुगत गेले. तोवर मी गप्प होते. पण आकडा एकवीसच्या आसपास येऊन अडून बसला, आणि मग त्या लाल कॅप्सूल घरात आल्या. चरबी जाळतात म्हणे. डब्यावर ठळक लिहिलं होतं, दिवसाला एकच. बुधवारी आणलेल्या डब्याचा रविवारी, मोजणीच्या आदल्याच दिवशी, तळ दिसत होता.

"साडेपस्तीस," मी टेप वाचली.

त्यानं आकडा टाकला. वीस पूर्णांक आठ.

"परत मोज."

परत मोजली, साडेपस्तीसच. मोबाइल धरलेला त्याचा हात थरथरत होता आणि मानेची शीर टकटक उडत होती.

"किती गोळ्या घेतोस रे?"

"एकच."

खोटं बोलताना तो कान खाजवतो. आताही खाजवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हृदय बंद पडलं म्हणजे कळेल! अति तिथं माती, ऐकलंयस का कधी?"

"आगीत जाणारा माणूस गोळीनं मरत नाही, ताई."

"आगीत तू कुठं जातोस? तू गाडी उभी करतोस."

बोलून गेले. त्याचा चेहरा असा उतरला की माझी मलाच लाज वाटली. तो आत गेला. डबा खुळखुळला, पेला आदळला. मग वाळूची पिशवी खांद्यावर टाकून तो बाहेर पडला. चार मजले वर, चार मजले खाली, असे वीस वेळा. रोजचा सराव होता तो.

जिना दुकानाच्या भिंतीला लागून आहे, पावलं स्पष्ट ऐकू येतात. मी मशीनवर बसले, पण टाका सरळ पडेना. थांबवावं तर आत्ताच जिव्हारी लागेल असं बोलून बसलेली मी, कोणत्या तोंडानं जाऊ? एवढ्यात गाणं शिकवणाऱ्या बाई माप द्यायला आल्या. मी टेप घेऊन उठले. एक कान बाईंकडे, एक भिंतीकडे.

"कंबरेत जरा सैल धरा हं," बाई म्हणाल्या. "मागच्या पोशाखात वरचा सूर लावला की शिवणच ओरडायची."

"तो मी नव्हता शिवला!" मी म्हटलं. "माझ्याकडे सांगावं लागत नाही. दोन बोटं आत ठेवूनच मी माप घेते. पंचवीस वर्षं झाली, हात आपोआप..."

माझी दोन बोटं बाईंच्या कंबरेशी, टेपच्या आत होती. सकाळी गोलूच्या कंबरेशीही तिथंच होती. अकराही रविवार तिथंच होती.

आणि त्याच वेळी लक्षात आलं की भिंतीपलीकडची पावलं थांबलीत.

मी जिन्यावर धावले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो भिंतीला टेकून बसला होता. ओठ पांढरे, घामानं निथळत होता, पिशवी अजून खांद्यावरच. "ताई, धडधड थांबत नाहीये गं." मी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि घाबरून उचलला. खालून बाई रुग्णवाहिकेला फोन करत होत्या. शिकवणीचा तो खणखणीत आवाज मजलेच्या मजले चढून येत होता. मी नुसती "बघ माझ्याकडे, माझ्याकडे बघ" एवढंच म्हणत राहिले.

रुग्णालयात दुपारपर्यंत ठोके ताळ्यावर आले. "थोडक्यात वाचलाय," डॉक्टर म्हणाल्या. "या गोळ्या पुन्हा नाहीत. आणि महिनाभर जिनासुद्धा चढायचा नाही." म्हणजे सोमवार गेला, आणि सोमवारबरोबर शिडीही.

त्याला डोळा लागला होता. टेप गळ्यातच राहिली होती माझ्या. चादरीखालून मी ती त्याच्या कंबरेभोवती फिरवली आणि या वेळी बोटं बाहेर ठेवली. पावणेचौतीस. त्याच्या मोबाइलमध्ये आकडा टाकला. सतरा पूर्णांक पाच.

कुणाला कळणार नव्हतं. टेप खिशात घालून गप्प बसले असते तर जन्मभर त्याची लाडकी ताई राहिले असते. पण मग आपण कमी पडलो असंच त्याला वाटत राहिलं असतं, आणि असं वाटणारा माणूस पुन्हा त्या डब्याकडे वळतो. तो जागा झाल्यावर मी सगळं सांगितलं. बोटं, टेप, पावणेदोन इंच. मध्येच माझा आवाज फाटला, पण सांगितलं.

"म्हणजे मी आजच पास होतो?"

"गेल्या रविवारीही होतास. त्याच्या आदल्याही, बहुतेक."

"गोळ्या आणल्या त्याच्या आधीच?"

"हो."

"आणि तू दर वेळी हळहळायचीस."

मी मान हलवली. शिव्या दे, म्हणावंसं वाटत होतं. त्यानं कोपर डोळ्यांवर आडवं घेतलं आणि कितीतरी वेळ त्याची छाती हलत राहिली. यंत्रातले ठोके वाढले, नर्स डोकावून गेली. मी त्याच्या पायाशी बसून राहिले, हात लावायची हिंमत होईना.

बऱ्याच वेळानं, कोपर तसंच ठेवून, तो म्हणाला, "ताई, भूक लागलीय गं. खूप."

हे ऐकायला मी अकरा आठवडे कान लावून बसले होते. आता मात्र माझ्याच्यानं उठवेना.