नाव पुकारण्यापूर्वी

गीतपुस्तकाच्या उसवलेल्या पाठीवर योगीराजाने खळीचे बोट फिरवले, कापडी पट्टी नेमकी मध्यावर बसवली आणि दोन्ही अंगठ्यांनी ती वरपासून खालपर्यंत दाबत नेली. अशी सात पुस्तके आधीच भिंतीशी दगडाच्या वजनाखाली ठेवलेली होती. बेंगळुरूच्या चामराजपेटेतील एका बाइंडिंगच्या दुकानात आठवडाभर तो इतरांची पुस्तके बांधी. शनिवारची संध्याकाळ मात्र त्याने आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या पुस्तकांसाठी राखून ठेवली होती. आठवे पुस्तक वजनाखाली सरकवून तो हात धुण्यासाठी उठला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्याचे पाऊल वाजले, तशी पाटावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलणारी त्याची पत्नी महानंदा उठून उभी राहिली.

"पाणी पाहिजे होय?"

"हात धुवायचेत. मी घेतो की."

तिने तरीही तांब्या भरून त्याच्या हाती दिला, आणि तो बाहेर जाईपर्यंत ओट्याला टेकून राहिली.

बाहेरच्या खोलीत त्यांची मुलगी पवित्रा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत ती नोकरीला होती. एरवी तिकडेच मैत्रिणींबरोबर राही आणि शनिवारी मेट्रोने घरी येई. आज पाळक विनोदकुमार यांनी तिच्यावर एक काम सोपवले होते. पुढील महिन्यात अनेक मंडळ्यांची मिळून मोठी संजीवन सभा भरणार होती आणि तीत साक्ष देण्यासाठी योगीराजाचे नाव सुचवले गेले होते. निवड करणारे पाहुणे उद्याच्या उपासनेस येणार होते. साक्ष दहा मिनिटांत बसली पाहिजे, म्हणून त्यांना देण्यासाठी गेल्या वर्षीच्या चित्रफितीतून पवित्राने अनावश्यक भाग वगळून द्यावयाचा होता.

योगीराजाची साक्ष मंडळीत विख्यात होती. पूर्वायुष्यात निपाणीकडे गुळाच्या सौद्यांत तो बोली पुकारत असे. ढीग कुणाच्या नावावर सुटला ते नाव त्याच्या मुखातून असे निघे की, अडत्यांच्या पेढीवर झोपलेला माणूसही जागा होई. पुढे त्याच आवाजाच्या मागे मद्य आले, आणि मद्याच्या मागे जे येते ते सारे आले. अकरा वर्षांपूर्वी, बेंगळुरूस आल्यावर, त्याने बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून त्याने पेल्याला स्पर्श केला नव्हता, आणि या गोष्टीविषयी त्याच्या वैऱ्यालाही शंका घेता आली नसती. दर वर्षी बाप्तिस्म्याच्या रविवारी, आणि उद्या तोच रविवार होता, तो मंडळीपुढे उभा राही आणि आपले जुने जीवन सांगे: फोडलेला रेडिओ, पत्नीचे सुजलेले मनगट, गटारीच्या काठी उजाडलेली ईस्टरची पहाट. शेवटी तो म्हणे, "ज्या बाईवर मी हात उगारला, तिनंच सात वर्षं माझ्यासाठी गुडघे टेकले. ती ही. महानंदा, उभी राहा!" महानंदा उभी राही. लोक डोळे टिपत टाळ्या वाजवीत.

"अप्पा, जरा इकडे या."

"तुला कापायचं ते काप गं. शेवटचं तेवढं ठेव."

"शेवटचंच दाखवतेय."

तो तिच्या मागे उभा राहिला. पडद्यावर त्याचा उजवा हात वर गेलेला होता. चित्रण करणाऱ्याने कॅमेरा स्त्रियांच्या बाकांकडे वळवला, महानंदा उभी राहिली, टाळ्या झाल्या.

"चांगलं आलंय की."

"परत लावते. आता स्वतःकडे बघू नका. आईकडे बघा."

पवित्राने चित्र मागे नेले. पडद्यावरील योगीराज अजून गुडघे टेकण्याविषयीच बोलत होता. तिसऱ्या बाकावर महानंदाचा हात पुढच्या बाकाच्या पाठीवर गेला, पदर सावरला गेला, आणि शरीराचा भार पावलांवर आला. मग तिचे नाव पुकारले गेले.

"तुम्ही नाव घेतलेलं नव्हतं, अप्पा. आई उठलीसुद्धा."

"दरवर्षीचं आहे ते. तिला ठाऊक असतंय."

"निपाणीलाही ठाऊक असायचं."

त्याने तिच्याकडे पाहिले.

"गल्लीच्या तोंडाला तुमच्या चपला वाजल्या की, आई चुलीपासून उठून भिंतीला टेकायची. तुम्ही आत येऊन 'उभी राहा' म्हणायचात, तोवर ती उभीच असायची. तुमचा डोळा लागेपर्यंत तशीच. मी पांघरुणात जागी असायचे." ती हे पडद्याकडे पाहत, आवाज न चढवता बोलली.

योगीराज बोटांवर वाळलेली खळ नखाने काढू लागला. ते तो विसरला होता असे नव्हे. परंतु त्यात हात उगारलेला नव्हता, काही फुटले नव्हते, शेजारी धावून आले नव्हते. म्हणून त्याने कबूल केलेल्या पापांच्या मालिकेत ते कधी आलेच नव्हते.

"तेव्हाचं वेगळं," तो म्हणाला. "आता मी चारचौघांत तिचा मान करतोय."

"तिनं मागितला होता?"

स्वयंपाकघरातील विळीचा आवाज थांबला होता. तो पुन्हा सुरू झाल्यावर पवित्राने आवाज आणखी उतरवला.

"उद्या तुम्ही आईला उभं केलंत, तर मी उठून जाणार. पुन्हा येणार नाही तिथं. आणि हा व्हिडिओ पाळकसाहेब दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ देत." पवित्राने लॅपटॉप मिटला.

जेवताना त्याने विषय काढला. महानंदा वाढत होती.

"उद्या उभं राहायचं तुला जड जातंय काय गं?"

"मला काय होतंय?" तिने त्याच्या ताटात आमटी वाढली. "सवय झालीय की." मग, बाप-लेक दोघेही जेवायचे थांबले आहेत हे पाहून, ती हसून म्हणाली, "गुडघा स्वल्प धरतोय, एवढंच. जेवा की आता."

"आई, तू बस ना आमच्याबरोबर."

"तुमचं होऊ दे."

जेवणानंतरच्या कौटुंबिक प्रार्थनेत योगीराज नेहमीपेक्षा अधिक वेळ डोळे मिटून बसला. अखेरचे "आमेन" महानंदालाच म्हणावे लागले.

राजाजीनगरातील एका कन्नड मंडळीचे सभागृह मराठी मंडळीला रविवारी दुपारी मिळत असे. सकाळच्या उपासनेची फुले वेदीवर तशीच असत. खिडक्या उघडल्या की रस्त्यावरच्या बसचा घरघराट आत येई. चाळीसएक माणसे जमत: बेळगाव, निपाणी, अथणीकडून पोटासाठी आलेली जुनी कुटुंबे, आणि पुण्याकडची दोन-चार नवी, ज्यांची मुले आपसांत इंग्रजीच बोलत. दारातच सगुणाबाईंनी योगीराजाला गाठले. मंडळीत त्या सर्वांत ज्येष्ठ होत्या आणि त्यांच्या जिभेपुढे पाळकांचाही निभाव लागत नसे.

"सलाम, भाऊ. आज दोन रुमाल आणलेत बघा. गेल्या वर्षी एक पुरला नाही मला."

"सलाम, अक्का."

"चेहरा असा का? सभेला नेणार म्हणून आत्तापासून मोठेपणा काय?"

पाळक विनोदकुमार लगबगीने आले. "भाऊ, दहाच मिनिटं हं. मधलं आटोपतं घ्या. पण वहिनींचं ते शेवटचं राहू द्या. माणसं तिथंच हलतात. पाहुण्यांना मी तेच सांगितलंय."

योगीराजाने मान हलवली. तिचा अर्थ पाळकांनी होकार असाच घेतला. पवित्रा सर्वांत मागच्या बाकावर, दाराजवळ बसली होती. तिची बॅग तिच्या मांडीवर होती आणि पट्टा खांद्याला होता.

जुने मनुष्यत्व टाकून नवे धारण करण्याविषयीचे बायबलमधील वाचन झाले. गीत झाले. मग योगीराज पुढे गेला. त्याने वाचनपीठाच्या दोन्ही कडा धरल्या आणि बोलू लागला. पहिल्या दोन वाक्यांतच सभागृह त्याच्या आवाजाच्या अधीन झाले. कोणत्या शब्दावर थांबावे, कोठे स्वर उतरवावा, कोणत्या जागी बायका "अरे देवा" म्हणतील, हे त्याला श्वासासारखे अवगत होते. रेडिओ फुटला. मनगट सुजले. सगुणाबाईंनी पहिला रुमाल उलगडला. गटारीच्या काठी ईस्टरची पहाट उगवली, आणि पहिल्या रांगेतील पाहुण्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"ज्या बाईवर मी हात उगारला," योगीराज म्हणाला, "तिनंच सात वर्षं माझ्यासाठी गुडघे टेकले."

प्रतिवर्षी या क्षणी त्याची दृष्टी लोकांच्या चेहऱ्यांवर असे. आज त्याने तिसऱ्या बाकाकडे पाहिले.

महानंदाचा हात पुढच्या बाकाच्या पाठीवर आलेला होता. तिने पदर सावरला. तिची नजर त्याच्याकडे नव्हती, लोकांकडेही नव्हती; ती खाली, आपल्या गुडघ्याकडे पाहत होती. मग ती बाकावरून वीतभर वर उचलली गेली.

त्याचा उजवा हात हवेत अर्धा उठलेला होता. "बस" हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. तोही त्याच आवाजात आला होता, हे त्याला कळले, आणि त्याने तो गिळला. हात खाली आला. बाहेर कोणी ऑटोवाला कन्नडमध्ये वाट मागत होता. ते शब्द सभागृहात स्पष्ट ऐकू आले.

"पुढचं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत कसाबसा पोहोचला, "पुढचं सांगायचा हक्क माझा नव्हता. इतकी वर्षं सांगत आलो. ते चुकलं."

तो वाचनपीठ सोडून खाली आला आणि पुरुषांच्या बाजूला आपल्या जागी जाऊन बसला. कोणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि एकटे पडताच थांबले.

महानंदा तशीच अर्धी उठलेली राहिली होती. तिने प्रथम रिकाम्या वाचनपीठाकडे पाहिले. मग ती पूर्ण उभी राहिली. पाहुणे पुढे झुकले. ती आता बोलणार असे सर्वांनाच वाटले.

"चहाचं आधण ठेवायचं राहिलंय," महानंदा म्हणाली, आणि बाकांच्या मधून वाट काढीत बाजूच्या दाराने निघाली.

"अगं, शेवटची प्रार्थना तरी होऊ दे!" सगुणाबाई म्हणाल्या.

"तुम्ही करा की. मला आतून ऐकू येतंय."

दोन-तीन पोरी फिदीफिदी हसल्या. पाळकांनी घाईने सर्वांना उभे राहण्यास सांगितले आणि प्रार्थनेला आरंभ केला. शेवटच्या बाकावर पवित्राने खांद्याचा पट्टा काढून बॅग खाली जमिनीवर ठेवली.

आशीर्वाद झाल्यावर पाळक योगीराजाजवळ आले. ते रागावले नव्हते, पण गोंधळलेले होते.

"भाऊ, हे काय केलंत? पाहुणे म्हणतायत, साक्ष अर्धीच राहिली."

"अर्धीच होती ती, पाळकसाहेब. पहिल्यापासून."

"मग सभेचं काय करू?"

"दुसऱ्या कुणाचं नाव घाला."

सगुणाबाई बाजूने जाताना थबकल्या. दुसरा रुमाल त्यांच्या हातात घडी न मोडलेला तसाच होता. त्यांनी योगीराजाच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि रुमाल पिशवीत ठेवून त्या निघून गेल्या.

सभागृहामागे एक अरुंद स्वयंपाकघर होते. तिकडे जाणाऱ्या बोळाची फरशी गुळगुळीत होती, आणि योगीराजाच्या चपला तीवर नेहमीपेक्षा मोठ्याने वाजत होत्या. दार उघडेच होते. महानंदा शेगडीजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती, दाराकडे पाठ करून, धरणारा गुडघा लांब पसरून. मोठ्या पातेल्यात पाणी नुकते कुजबुजू लागले होते.

चपलांचा आवाज उंबऱ्याशी आला. तिचा हात ओट्याच्या कडेवर गेला. बोटे कडेला धरून राहिली.

योगीराज दारातच थांबला.

मग तिची बोटे सैल झाली आणि हात परत मांडीवर आला. ती उठली नाही.

"साखरेचा डबा कुणीतरी वर ठेवलाय," ती मागे न वळता म्हणाली. "काढा की तेवढा."

त्याने टाचा उंचावून फळीवरून डबा उतरवला, झाकण उघडले, आणि मोठा चमचा शोधून तो पातेल्यापाशी उभा राहिला.

"किती घालू?"

"घाला तुम्ही. मी सांगते, थांबा म्हणून."

त्याने एक चमचा घातला, मग दुसरा. बाहेर बाक सरकवल्याचे आवाज येत होते. पवित्रा कोणाला तरी हसून सलाम करीत होती. सातव्या चमच्याशी त्याने तिच्याकडे पाहिले. वाफेच्या पलीकडे ती स्टुलावर स्वस्थ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, नजर आधणावर. तिने अजून थांबा म्हटले नव्हते. त्याने आठवा चमचा भरला.