मी, तिहोमिरच्या दुकानातलं ग्राफिक्स कार्ड

मी बोलतोय खरा, पण बोलता बोलता मधेच पडदा काळा झाला तर रागावू नका. गेला महिना-दीड महिना माझं तेच चाललं होतं. आता बरा आहे. बरा म्हणजे, म्हातारी माणसं "बरा आहे" म्हणतात तितकाच.

मी एक ग्राफिक्स कार्ड. संगणकाच्या पोटात बसतो आणि पडद्यावर जे जे दिसतं ते रंगवतो. जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला, तिथलं फारसं आठवत नाही. तिहोमिरनं मला नीश शहराच्या बाजारातून सर्बियातल्या आमच्या पिरोत गावी आणलं तेव्हा मी नवाकोरा होतो. पिरोतची माणसं चिक्कू म्हणून देशभर प्रसिद्ध, तरी यानं घासाघीस केली नाही, म्हणून त्याची बायको विदोसावा त्याला वर्षभर बोलत होती.

त्यांचं दुकान मृत्युपत्रकांचं. आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीचा, फोटोचा कागद घराच्या दारावर, विजेच्या खांबांवर, बसथांब्याजवळच्या झाडावर लागतो. पुन्हा चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षानं. तिहोमिर फोटो सुधारायचा, विदोसावा कागद कापायची. लोक काय वाटेल ते फोटो आणायचे, कुणी लग्नातला, कुणी बनियनवरचा. तिहोमिर सगळ्यांना कोट-टाय चढवायचा. टाय एकच होता, निळा. अर्धं पिरोत तोच घालून गेलं. "जाताना तरी माणूस नीटनेटका दिसावा," तो म्हणायचा. तो नीटनेटकेपणा बारा वर्षं मी ठिपक्याठिपक्यानं रंगवला. मेलेल्यांचे हसरे चेहरे रंगवायचे आणि समोर त्यांची रडणारी माणसं बघायची, यानं कुणीही थकेल.

आता माझ्या दुखण्याचं सांगतो. संगणकाची भाषा मला थेट कळत नाही, मधे दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो हाताला लागत नाही, नुसता प्रोग्राम असतो. माझा दुभाषा जुना होता, माझ्याच वयाचा, आणि आमचं छान जमायचं. अधूनमधून पडद्यावर खिडकी यायची: नवा ड्रायव्हर आलाय, बसवू का? तिहोमिर दर वेळी "नको" दाबायचा.

मग तिहोमिरला नीशच्या इस्पितळात नेलं. तो परत आलाच नाही.

त्याच दिवसांत मी कोसळायला लागलो. फोटो उघडला की पडदा काळा, मग निळा, मग संगणक आपोआप बंद होऊन चालू. त्यामुळे खुद्द तिहोमिरचं पत्रक दुसऱ्या दुकानात घाईघाईनं छापावं लागलं, ओळखपत्रावरच्या फोटोचं.

"सगळ्या गावाला सजवून पाठवलं यानं," विदोसावा म्हणाली, "आणि स्वतः खांबावर लागला तो चोरासारखा."

त्याचा चाळिसावा दिवस शनिवारी होता. या वेळी तरी पत्रक आपल्याच दुकानातून, त्याच्या चांगल्या फोटोचं निघावं एवढंच तिला हवं होतं. फोटो ठरलेला होता. निशावा नदीच्या काठी हातात मासा धरून तिहोमिर हसतोय, आणि खांद्यावर भावाचा हात. तो हात काढायचा होता. पत्रकं गुरुवारी लागली तरच लोकांना कळणार. ती चेहरा मोठा करायची आणि मी कोसळायचो. डोळ्यांपर्यंत रंगवून झालेलं असायचं हो! मला फार लाज वाटायची.

सोमवारी शेजारचा चेदोमिर आला. टीव्ही दुरुस्त करणारा जुना कारागीर. आमच्याकडे कारागिराला आधी कॉफी आणि राकियाचा, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचा, पेला द्यावा लागतो, मग तो वस्तू उघडतो, मान हलवतो आणि एकच प्रश्न विचारतो.

"हे कुणी केलंय, वहिनी? कुठल्या गाढवानं?"

"तिहोमिरनं."

चेदोमिरनं छातीवर क्रूस काढला. "देव त्याच्या आत्म्याला क्षमा करो," तो म्हणाला, "पण केलाय गाढवपणाच."

त्यानं माझी धूळ फुंकली आणि होता त्याच्यावरच आणखी एक ड्रायव्हर चढवला. आधीचा काढला नाही. तासाभरात मी पुन्हा कोसळलो.

मंगळवारी तिहोमिरचा भाचा नेबोयशा आला. त्याचं मोबाईलचं दुकान आहे. कॉफी झाली, राकिया झाली.

"मामी, हे केलं कुणी?"

"चेदोमिरनं."

"टीव्हीवाल्यानं? मग संपलंच की!"

त्यानं त्यावर आणखी एक चढवला. आधीच्यानं नेमकं काय केलं हे त्यानंही विचारलं नाही. कसं विचारणार? विचारलं की आपल्याला कळत नाही असं दिसतं! आता माझ्या कानाशी तीन-चार दुभाषे एकदम ओरडत होते. मी रंगवू तरी काय?

"हे कार्ड मेलंय, मामी," नेबोयशा शेवटी म्हणाला. "फेकून दे. शुक्रवारी नीशहून नवीन आणतो."

"शुक्रवारी? मग शनिवारी थडग्यावर मी आणि पाद्री दोघंच उभे राहू काय रे?"

मला वाटलं, आपले दिवस भरले. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. फेकलेल्याला कुणी कोसळला म्हणत नाही.

बुधवारी सकाळी ग्रोझ्दाना आली, आपल्या आईच्या सहा महिन्यांचं पत्रक सांगायला. निवृत्त होईपर्यंत इस्पितळातल्या एक्स-रे विभागाचे संगणक तीच सांभाळायची. विदोसावानं रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. ग्रोझ्दानानं कॉफी बाजूला सरकवली.

"कुणी केलं ते राहू दे, विदोसावाताई. कधीपासून होतंय? आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं?"

विदोसावा हातातली कात्री खाली ठेवून म्हणाली, "मीच केलं गं. त्याला इस्पितळात नेलं त्या दिवशी ती खिडकी आली. तो नेहमी काय दाबायचा मी कधी बघितलंच नव्हतं. मी 'हो' दाबलं. त्याचा संगणक मी मोडला, आणि चेदोमिरला त्याचं नाव सांगून त्याला गाढव म्हणवून घेतलं."

"काही मोडलं नाहीस," ग्रोझ्दाना म्हणाली. "दार वाजलं, तू उघडलंस. आता सगळ्यांना बाहेर काढू आणि घरच्याला परत बोलावू."

तिनं संगणकातली कोसळण्याची नोंद उघडली. प्रत्येक वेळी ड्रायव्हरचंच नाव होतं. मला हात लावून बघितला, मी तापलेलो नव्हतो. माझा जुना दुभाषा तिनं इंटरनेटवरून शोधून उतरवून घेतला आणि मग इंटरनेटची वायर उपटली, नाहीतर नवा पाहुणा पुन्हा आपोआप आला असता. संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरताच, चालू केला आणि एकेक ड्रायव्हर मुळापासून काढला. कानात एकदम शांतता झाली. शेवटी तो जुना बसवला, आपोआप बदलायची सोय बंद केली आणि मगच वायर लावली.

विदोसावानं फोटो उघडला. चेहरा मोठा केला. आणखी मोठा केला. मी कोसळलो नाही. डोळे, मिशी, हसताना दिसणारा तुटका दात, सगळं जागेवर राहिलं.

"दात नीट करू का?" ग्रोझ्दानानं विचारलं.

"हात लावू नकोस त्याला," विदोसावा म्हणाली आणि रडली.

गुरुवारी पत्रकं लागली. शनिवारी स्मशानात आलेल्यांना वाटायचे शिजवलेले गहू कमी पडले, असं ती दुसऱ्या दिवशी बहिणीला फोनवर सांगत होती. किती दिवसांनी तिचा आवाज मोठा झाला होता!

सोमवारी तिनं एकटीनं दुकान उघडलं. काळ्या चौकटीचा कोरा कागद पडद्यावर घेतला आणि नाव टाइप केलं: विदोसावा. स्वतःचा एक फोटो लावला, नाकाजवळचा मस पुसला नाही. जन्माचं वर्ष घातलं. पुढची तारीख मोकळी सोडली.

"त्याचं मी केलं," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "माझं कोण करणार? नेबोयशा?"

तिनं फाईल जपून ठेवली आणि गिऱ्हाइकाचे कागद कापायला बसली.

आता माझा पंखा खरखरतो. ती खिडकी क्वचित येते आणि विदोसावा "नको" दाबते. मी थकलोय आणि माझं फार मागणं नाही. तिची ती काळ्या चौकटीची फाईल मला पुन्हा रंगवावी लागू नये. तारीख भरायची वेळ येईल तेव्हा माझ्या जागी दुसरं कुणीतरी असावं.