दोर ओढणाऱ्यांचा मचवा

मी मचवा बोलतोय. रागात आहे, ते आधीच सांगून टाकतो. सावकाश बोलेन, पण गोड बोलणार नाही.

चिली देशाच्या दक्षिणेला चिलोएची बेटं आहेत, त्यांतल्या एका लहानशा बेटावर रोसामेल पाइयाकारनं मला बांधलं. लाकूड सुरूचं, फटींत झाडाची साल ठोकून भरलेली. शीड त्याच्या बायकोनं शिवलं. मला पाण्यात लोटायला अकरा बैलजोड्या लागल्या. अख्खं बेट दोर घेऊन आलं. सगळ्यांत पुढची जोडी शेजारच्या एर्मेलिंदाची होती.

इथं अशा कामाला मजुरी नसते. घरधनी मेंढरू कापतो, सफरचंदाची दारू पाजतो, आणि ज्यानं दोर ओढला त्याच्या अडचणीला जन्मभर धावतो. रोसामेल म्हणायचा, "मचवा माझा एकट्याचा नाही. मी नुसतं सुकाणू धरतो."

मी बटाटे वाहिले, गुरं वाहिली, मयतं वाहिली. अडलेल्या बायका पलीकडच्या दवाखान्यात नेल्या. एक पोर तर वाटेतच, माझ्या फळ्यांवर जन्मलं.

रोसामेल गेला. त्याच्या मुलानं, निबाल्दोनं, मला रंग दिला, गाद्या घातल्या, आणि लांबच्या देशांतले पाहुणे दक्षिणेकडच्या बेटांतून फिरवायला लागला. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. पाहुणे वाईट नव्हते. एक म्हातारा रोज सकाळी माझ्या डोलकाठीवर हात फिरवायचा.

त्या जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, आम्ही आमच्याच बेटाच्या खाडीत नांगर टाकून होतो. शेजारच्या बेटावर नाझारेनो येशूचा उत्सव, शिडाच्या सगळ्या होड्या तिकडे. एर्मेलिंदाची मुलगी उबेरलिंदा लहानशा होडीतून वल्हं मारत आली. धापा टाकत होती.

"निबाल्दो, आईला श्वास घेववत नाही. चल, दवाखान्यात पोचव."

"अगं ताई, पाहुण्यांना आज देवमासे दाखवायचं ठरलंय. उद्या येतो ना."

"उद्या? आई काय घड्याळ आहे, किल्ली देऊन ठेवायला? तुझ्या बापानं आमचे बैल मागितले, तेव्हा आई 'उद्या' म्हणाली होती का रे?"

"उत्सवातून कुणीतरी परतेलच."

"आणि नाही परतलं तर?"

तो शिडाचे दोर सोडायला वळला. तिनं होडी फिरवली. डोलकाठीवर हात फिरवणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय म्हणत होती ती?"

"बटाटे विकायला आली होती," निबाल्दो म्हणाला.

"मग घ्यायचे की चार!" म्हातारा हसला.

बटाटे! माझी फळीन् फळी तापली. पण वारा आला आणि माझं शीड भरलं. दोन देवमासे दिसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

'उद्या' म्हणाला होता, परतलो तिसऱ्या दिवशी. तेव्हा देवळाची घंटा वाजत होती. एर्मेलिंदा आदल्या रात्री गेली होती.

हिवाळ्याआधी मला किनाऱ्यावर वर ओढून घ्यावं लागतं. निबाल्दो दारोदार फिरला. कुणी नाही म्हटलं नाही. तोंडावर नकार द्यायची इथं रीत नाही. "येतो की," सगळे म्हणाले. त्यानं दोन मेंढ्या कापल्या. त्याला वाटलं, मटण शिजलं की माणसं येतात.

एकही आला नाही. मटणावर चरबी थिजली. त्यानं एकट्याची बैलजोडी लावली, अर्ध्यावर दोर तुटला. "कृतघ्न लोक!" म्हणून तो ओरडला. अरे, कोण कृतघ्न?

तेव्हापासून मी आडवा पडलोय. दिवसातून दोनदा भरती आत शिरते. फटींतली साल सुटलीय, कण्याला तडा गेलाय. आता पंधरा जोड्या आल्या तरी मी उठणार नाही.

काल ओहोटीला उबेरलिंदा शिंपले वेचायला आली. माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "तुझा काय दोष म्हणा."

याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला. आहे, दोष आहे. शीड माझं होतं. वारा मी भरून घेतला.

बाई, दोर आणू नकोस. कुऱ्हाड आण. पाऊस चार महिने हटायचा नाही, आणि तुझ्या घरात आता तू एकटी. मला फोड आणि चुलीत घाल. लाकूड ओलं आहे, आधी धूर करील, डोळ्यांत जाईल. तेवढं सोस.