मुरलीधरपंतांच्या स्मरणार्थ पंखा

यमुनापार महाराष्ट्र स्नेहवर्धक मंडळाच्या, दिल्लीच्या वेशीवरच्या पण यूपीत मोडणाऱ्या गाझियाबादमधल्या इमारतीत नाव नसलेली वस्तू शोधावी लागते. पाण्याच्या टाकीवर नाव आहे, सतरंज्यांच्या कडेला नावं आहेत, चपलांच्या मांडणीवरही कुणाच्या तरी मातोश्री आहेत. सभागृहातल्या छताच्या पंख्यांना तीन पाती, म्हणून मजकुराच्याही तीन ओळी: कोणाच्या स्मरणार्थ, कोणाकडून आणि देणाऱ्याचा हुद्दा. पंखा फिरू लागला की यातलं काहीच वाचता येत नाही. त्यामुळे पाहुण्यांचं वाचून होईपर्यंत पंखे लावायचे नाहीत असा तिथला प्रघात आहे. भर जूनमध्येही.

२००५ च्या उन्हाळ्यात मंडळाच्या अभ्यासिकेसाठी संगणक घ्यायचं ठरलं. अभ्यासिका म्हणजे वरच्या मजल्यावरच्या खोल्या. लातूर, परभणी, नंदुरबारकडून यूपीएससीसाठी आलेली मुलं तिथे सवलतीत राहतात. दुकानातून तयार संगणक आणावा असं कुणीतरी सुचवलं आणि ते लगेच फेटाळलं गेलं. तयार संगणकाला देणगीदार एकच लागतो. सुटे भाग आणून जोडला तर बऱ्याच जणांची सोय होते.

जोडण्याचं काम अंबादास ढगे याच्याकडे आलं. अंबादास जिंतूरचा, नांदेडहून कॉम्प्युटरमध्ये बी.ई. झालेला. प्रिलिम्स पास झाला होता, मेन्स ऑक्टोबरात होती आणि अभ्यासिकेतली त्याची वर्षाची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती. बाहेर खोली घेण्याची ऐपत नव्हती. ऐन मेन्सच्या तोंडावर जिंतूरला जाणं म्हणजे परीक्षा सोडणं. मुदतवाढ द्यायची की नाही हे एकटे अध्यक्ष ठरवत, आणि अध्यक्ष होते श्यामकांत देगवेकर, निवृत्त अवर सचिव, राहणार मयूर विहार, दिल्ली.

"संगणक नीट उभा करून दे," देगवेकर म्हणाले. "गणपतीत उद्घाटन. मग तुझ्या कॉटचं बघू."

देणगीच्या वाटपाची सभा अपेक्षेपेक्षा लांबली. मॉनिटर विलासराव सबनिसांनी आधीच अडवला, कारण तो सगळ्यांत दर्शनी. कीबोर्ड सुमित्राबाई सबनिसांनी घेतला. लांब बटणावर 'सौ. सुमित्रा' मावतं, हे त्या घरून मोजून आल्या होत्या. कॅबिनेटच्या, म्हणजे डब्याच्या, आतल्या भागांना मात्र कुणी वाली मिळेना. शेवटी अंबादासनेच तोड काढली. दिल्लीच्या संगणक बाजारात, नेहरू प्लेसला, बाजूला काच असलेली कॅबिनेटं मिळतात, आतलं सगळं दिसतं, असं त्याने सांगितलं. त्यावर देगवेकरांनी प्रोसेसर घेतला, "संगणकाचा मेंदू असतो म्हणतात तो." लक्ष्मीबाई नगरच्या श्रीपाद कारखानिसांनी मदरबोर्ड घेतला. कारखानीस केंद्राच्या एका मंत्रालयात उपसंचालक होते आणि आकाराने मोठी वस्तू त्यांना नेहमी बरी वाटे.

दोघांनी आपापल्या ओळखीने खरेदी केली. प्रोसेसर एका घराण्याचा निघाला, बोर्ड दुसऱ्या. बोर्डावरच्या चौकोनात प्रोसेसर बसेना. पत्रिका जुळत नाही हे कळल्यावर दोघांनीही समोरच्याने बदलावं असा आग्रह धरला.

अंबादास कारखानिसांकडे गेला. "सर, तुमचा बोर्ड इतका पुढचा आहे, की साहेबांचा प्रोसेसर त्याला शोभत नाही. साहेबांना वाईट वाटेल म्हणून तुमच्याकडे आलो. जरा साधा बोर्ड चालेल का?"

कारखानीस प्रसन्न झाले. "बिल्कुल. सांभाळून घ्यावं लागतं रे लोकांना."

हे सगळं दारात उभी राहून त्यांची मुलगी क्षिप्रा ऐकत होती. ती दिल्लीत कॉम्प्युटर सायन्स शिकत होती. तो खाली उतरताना तिने जिन्यात त्याला गाठलं.

"यार, तू तर पपांना मस्त गुंडाळलंस."

"बोर्ड बदलणार ना ते? मग झालं."

"मी येते नेहरू प्लेसला. नाहीतर तू दुकानदारालाही साहेब म्हणशील."

नेहरू प्लेसला दोघांनी सर्वांत जास्त वेळ घालवला तो कूलर निवडण्यात, म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो तो धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा आणि त्यावरचा पंखा. देगवेकरांचा प्रोसेसर भलताच तापणारा होता, आणि अभ्यासिकेच्या पत्र्याखाली माणसंच शिजत असत. प्रोसेसरच्या खोक्यातला कूलर क्षिप्राने हातात घेऊन परत ठेवला. "हा शिमल्याला ठीक आहे." दुसरा चांगला होता, पण त्याची पकड या बोर्डाला बसत नव्हती. तिसरा इतका रुंद, की शेजारची रॅम लावायला जागाच उरली नसती. चौथ्याचा तळ तांब्याचा होता, पकड जुळत होती आणि रॅमलाही अडत नव्हता. क्षिप्राने पर्समधून पट्टी काढून कूलरची उंची आणि कॅबिनेटची खोली मोजली.

"पंखा आणि काच यांच्यात दोन बोटं राहतात. हवा तिथूनच ओढणार. ती जागा मोकळी पाहिजे."

"राहील की."

"तिथे तुमचं मंडळ काही ठेवणार नाही ना?"

"दोन बोटांत काय ठेवतील?" अंबादास म्हणाला.

संगणक उभा राहिला आणि उत्तम चालला. भरपूर काम दिलं तरी तापेना. अंबादासने समाधानाने काच लावली आणि देगवेकरांना बोलावलं. त्यांनी वाकून, चष्मा वर करून, पुन्हा खाली करून आत पाहिलं.

"माझा प्रोसेसर कुठंय?"

"कूलरच्या खाली, साहेब."

"म्हणजे दिसणार नाही?"

"नाही. तो झाकलेलाच असतो."

"कारखानिसांचा बोर्ड तर अख्खा दिसतोय."

अंबादासने काचेवरचा बोटाचा ठसा पुसला.

"आणि हा कूलर कुणाचा?"

"कुणाचाच नाही. मंडळाच्या निधीतून घेतला."

"मग तो माझा," देगवेकर म्हणाले. "आमच्या वडिलांच्या नावे."

पंख्याच्या मधल्या गोल टिकलीवर नाव चिकटवता आलं असतं, पण तेवढ्या जागेत फक्त 'कै.' बसत होतं. पात्यांवर लिहावं तर फिरताना दिसत नाही, हा सभागृहाचा अनुभव होता. चार दिवसांनी देगवेकर पितळी पाटी घेऊन आले. पंख्याच्याच मापाची, चौकोनी, चार कोपऱ्यांना पंख्याच्याच स्क्रूंत बसेल अशी घडवलेली. कै. मुरलीधरपंत देगवेकर यांच्या स्मरणार्थ, खाली चिरंजीवांचं नाव, त्याखाली चिरंजीवांची निवृत्तीच्या वेळची वेतनश्रेणी. पंख्यावर ती तव्यावर झाकण ठेवावं तशी बसली.

"साहेब, हवा आत जायला वाट..."

"पितळ थंड असतं. आपल्याकडे देवाची भांडी पितळेची का? विचार केलायस कधी?"

अंबादासने विचार केला तो कॉटचा. त्याने चारही स्क्रू आवळले. त्या दुपारी त्याने संगणक चालवून पाहिला. तापमानाचा आकडा लिफ्टसारखा वर जाऊ लागला आणि प्रोसेसरने स्वतःला वाचवण्यासाठी सगळं बंद केलं. क्षिप्राला त्याने फोन केला.

"पाटीला भोकं पाड ना. जाळी होईल," ती म्हणाली.

त्याने तेही देगवेकरांना विचारून पाहिलं. देगवेकरांनी चष्मा काढला. "वडिलांना भोकं पाडू?"

उद्घाटनाला केंद्र सरकारातले एक सहसचिव आले होते. आरती झाली, पाहुण्यांचं वाचून झालं, मग पंखे लागले. देगवेकरांनी मुरलीधरपंतांच्या साधेपणावर भाषण केलं. सहसचिवांनी बटण दाबलं. पडद्यावर मंडळाच्या वाटचालीची चित्रफीत सुरू झाली. पायाभरणीच्या फोटोत देगवेकर कुदळ घेऊन उभे होते. पुढचा फोटो यायच्या आत पडदा काळा झाला.

अंबादासने पुन्हा चालू केलं. या वेळी कुदळीपर्यंतही पोचलं नाही.

कुणी खोकलं. विलासराव पटकन म्हणाले, "मॉनिटरचं काही नाही हं. मॉनिटर नवा आहे."

"बोर्ड तर मी मुद्दाम साधा घेतला," कारखानीस म्हणाले. "कुणाला सांभाळून घ्यायला."

तेवढ्यात क्षिप्रा खुर्चीवरून उठली. "काका, पंख्यावरची ती पाटी काढा ना. हवा जातच नाहीये आत. पाच मिनिटांचं काम आहे."

वर छताला तीन-तीन पात्यांवरचे कैलासवासी गरगरत होते.

"क्षिप्रा," देगवेकर हळू आवाजात म्हणाले, "ती पाटी नाही. ते माझे वडील आहेत."

"हो, पण ते गरम होतायत."

"क्षिप्रा!" कारखानीस ओरडले.

सुमित्राबाई शेजारणीला म्हणाल्या, "दिल्लीत वाढलेल्या मुली. मराठी येतं, पण कुठे काय बोलायचं ते येत नाही."

सहसचिवांनी घड्याळ पाहिलं. देगवेकर अंबादासकडे वळले. "अंबादास, तू इंजिनिअर आहेस. जोडलास तू. सांग सगळ्यांना. पाटीमुळे होतंय?"

क्षिप्रा त्याच्याकडे निश्चिंतपणे बघत होती. कूलर तिनेच मोजून घेतला होता आणि उत्तर एकच होतं. अंबादासने एकदा तिच्याकडे, एकदा काचेतल्या पितळेकडे पाहिलं. गळ्यातला हार नीट करणाऱ्या देगवेकरांकडे मग तो जरा जास्त वेळ बघत राहिला.

"साहेब, पाटीचा तसा संबंध नाही," तो म्हणाला. "इथलं व्होल्टेज स्थिर नसतं. संगणक नाजूक असतो."

सभागृहाने सुटकेचा निःश्वास टाकला. यूपीची वीज! सगळ्यांना एकदम सगळं आठवलं. कुणाचा फ्रिज जळाला होता, कुणाची मोटर. "आमच्या मयूर विहारला असं कधी होत नाही," देगवेकर म्हणाले. सहसचिवांनीही मान डोलवली. बरीच वर्षं प्रशासनात असल्यामुळे दोष दुसऱ्या राज्याचा आहे हे त्यांना लगेच पटलं. विलासरावांनी तिथल्या तिथे वडिलांच्या नावे स्टॅबिलायझर जाहीर केला. त्याचा डबा चांगला मोठा असतो.

स्टॅबिलायझर आला. व्होल्टेज आदर्श झालं. संगणक पूर्वीइतक्याच वेळात बंद पडत राहिला. कार्यकारिणीने एकमताने ठराव केला, की संगणक थंडीत वापरावा. त्याच सभेत अंबादास ढगे यांच्या तांत्रिक सेवेबद्दल आभार मानून त्यांची मुदत निकाल लागेपर्यंत वाढवण्यात आली आणि संगणक कक्षाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवण्यात आली. कॉट बदलून खिडकीजवळची देण्यात आली.

विसर्जनानंतर एका दुपारी क्षिप्रा अभ्यासिकेत आली. तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"चार स्क्रू आहेत. पाटी काढायची, मुलांनी काम करायचं, पुन्हा लावायची. कुणाला कळतंय?"

"साहेब केव्हाही येतात."

"मयूर विहारहून? बस बदलून? आले तर खालून हाका मारतात, अंबादास. संपूर्ण सेक्टरला कळतं."

"मेन्स होऊ दे माझी."

"आणि मेन्सनंतर? इंटरव्ह्यू होऊ दे. मग पोस्टिंग होऊ दे." तिने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "त्या दिवशी मला वाटलं, घाबरलास. घाबरला नव्हतास तू. तुला ते छान जमलं."

"मला कॉट हवी होती, क्षिप्रा. तुला लक्ष्मीबाई नगरला घर आहे."

"हो, आहे." ती दारापर्यंत गेली. "पण तू मला खोटं पाडायची गरज नव्हती. 'माहीत नाही' एवढं म्हणाला असतास तरी कॉट मिळाली असती."

हे खरं होतं आणि अंबादासला ते त्या दिवशी सुचलं नव्हतं. ती गेली. स्क्रूड्रायव्हर तिथेच होता. शेजारच्या खोलीतली मुलं जेवून परतत होती, त्यांच्यातल्या कुणालाही चार स्क्रू काढता आले असते.

त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. संगणक कक्षाला बाहेरून कुलूप लावलं आणि संध्याकाळच्या बसने तो मयूर विहारला गेला. देगवेकरांच्या हातात किल्ली ठेवत तो म्हणाला, "साहेब, ही तुमच्याकडेच असू द्या. मुलांचा भरवसा नाही."

देगवेकरांनी त्याला बसवलं, आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.