उरलेले चार दाणे

आमच्या घरी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्रत्येकाच्या ताटात मक्याचे पाच सुके दाणे ठेवलेले असतात. एकेक दाणा मधल्या लाकडी वाडग्यात टाकायचा आणि एकेका गोष्टीचे आभार मानायचे. सगळ्यांचे दाणे संपेपर्यंत टर्कीला सुरी लागत नाही. ही प्रथा तीनशे वर्षांची आहे, असे आई सांगते. पुरावा मी कधी मागितलेला नाही.

यंदा मात्र माझी अडचण होती. माझी पत्नी लोर्ना मार्चमध्ये गेली. त्यानंतरच्या आठ महिन्यांत मला दुःख झाले, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. कृतज्ञता तर दूरच. मी पाण्याचे नमुने तपासतो. जे यंत्रावर उमटत नाही, ते अहवालात लिहीत नाही. लोर्नाबद्दल चारचौघांत बोललेले माझे पहिले वाक्य खोटे असू नये, एवढेच मला हवे होते.

स्वयंपाकघरात धाकट्या बहिणीने, विनीने, मला गाठले.

"थॅड, लोर्नाच्या नावाने एक तरी म्हण रे. आई सकाळपासून तुझ्या तोंडाकडे बघतेय."

"काय म्हणू?"

"काहीही! ऑरिन नाही का दरवर्षी ट्रकचे आभार मानत?"

"दोनदा मानतो," तिचा नवरा बाहेरून ओरडला. "एकदा इंजिनचे, एकदा टायरांचे."

आम्ही चौघे टेबलाशी बसलो. आईने तिचे पाच दाणे भराभर टाकले. विनी दोनदा रडली. ऑरिनचे इंजिन आणि टायर झाले. मग माझी पाळी आली.

"शेवटचे चार दिवस वेदनेच्या औषधाची मात्रा बरोबर होती," मी म्हणालो. "लोर्नाला दुखलं नाही. त्या नर्सचे आभार."

हे मी तेव्हा रोज तपासले होते. दाणा वाडग्यात पडला. दुसरा बोटांत धरून मी वाट पाहिली. काहीच आले नाही. ग्रेव्हीवर साय धरू लागली.

"हवं तर माझे टायर घे," ऑरिन पुटपुटला. विनीने त्याला कोपर मारले.

"झालं?" आईने विचारले.

"एवढंच आहे, आई."

"मग उरलेले गिळून टाक."

"काय?"

"पाण्याबरोबर. तुझे बाबा गेले त्या वर्षी मी तीन गिळले होते. तुम्ही सगळे प्रार्थनेला डोळे मिटून बसला होतात."

"आई, काहीतरीच काय!" विनी म्हणाली.

"त्यात काय? मेले का मी?"

सुक्या मक्याचे साल पचत नाही, पण अपायही करत नाही. मी चारही दाणे एकेक करून गिळले. शेवटचा घशात अडकला. आणखी एक घोट घ्यावा लागला. आई गोळी देणाऱ्या नर्ससारखी बघत होती. मला काही वाटले नाही, आणि तिने ते विचारलेही नाही.

"ऑरिन, काप आता," ती म्हणाली. "थॅड, तुला मांडीचा तुकडा ना?"

मी हो म्हणालो आणि ताट पुढे केले.