छाती, कंबर, बाही

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे आणि मी उघडलो. हे आधीच सांगून टाकतो. आता ते विसरा. मी काही उघडलोबिघडलो नाही. तर ऐका.

मी शिंपीकाकांच्या दुकानात, खडूच्या डब्याशेजारी नोकरीला होतो. गिऱ्हाइकांची मापं, नंबर, पत्ते, सगळं माझ्या पोटात. आणि पोटाला असं कुलूप, की पासवर्डशिवाय आतलं एक अक्षर कुणाला वाचता येऊ नये. मी चार्जिंगलासुद्धा ताठ मानेनं बसायचो.

पासवर्ड काकांचाच होता: छाती, कंबर, बाही, त्यांची स्वतःची मापं ओळीनं. "कागद चोरीला जातो, हे अंगावरच असतं," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्या कौतुकानं सांगायचे.

एक शिक्षिका ताई हात उगारणाऱ्या भावाच्या घरातून निघून गेल्या होत्या. त्यांचा कोट शिवून झाला की पाठवायचा म्हणून नवा पत्ता माझ्यात होता. "काका, हा तुमच्यापाशीच राहू दे," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

एका दुपारी पोलीस साहेब आले. वर्दी सरकारी, दोस्ती त्या भावाशी. त्यांनी मला मागितलं. काका म्हणाले, कोर्टाचा कागद आणा. अभिमानानं मी जागच्या जागी थरथरलो.

साहेबांनी कागद आणला नाही, काकांच्या गळ्यातली टेप ओढली. तीस वर्षं लोकांना 'हात वर करा' सांगणारे काका, साहेबांनी तसं म्हणताच निमूट उभे राहिले. अडतीस, अडतीस, चोवीस. साहेबांनी आकडे दाबले. चूक. काकांचं पोट सुटलं होतं, देवाची कृपा.

साहेब निघालेच होते. जाता जाता म्हणाले, "कंबर अडतीस झाली, काका. सांभाळा."

"टेप ढिली धरलीत साहेब," काका म्हणाले. "चौतीस आहे. लग्नापासून."

साहेब परत फिरले.

संध्याकाळी भाऊ ताईंच्या दारात होता. ताई मागच्या दारानं निसटल्या. कुठे गेल्या, हे या वेळी त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. कोट अजून हँगरवर आहे. काका रोज त्याला ब्रश मारतात, माझ्याकडे बघत नाहीत. मी पालथा पडून चार्ज होतो.

मित्रांनो, पासवर्ड लांबलचक ठेवा. आणि कुणी तुमची कंबर चुकीची सांगितली, तर चुकीचीच राहू द्या.

प्रति, संबंधित अधिकारी. महोदय, माझे त्या दुपारचे उघडणे मागील तारखेपासून रद्द करून 'मोबाईल बंदच होता' अशी नोंद घ्यावी. तसेच सदर कोट माझ्यात नोंदलेल्या पत्त्यावर, ताई घरी असताना, पोचता करण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.